वालाच्या हंगामातला एक खेळ

जानेवारीत गावाहून वालाच्या शेंगांची पहिली पिशवी आली की मी दोन दिवस घरात कुणाशी धड बोलत नाही. घरच्यांनी हे आता गृहीत धरलं आहे. नवरा म्हणतो, "हिचा वाल आला," आणि स्वतःचा चहा स्वतः करून घेतो. तारापूरच्या खाडीकाठी आमचं गाव. तिथून पालघरला येणाऱ्या कुणाच्याही हाती आई ती पिशवी देते. कधी रिक्षावाला, कधी दूधवाला, एकदा तर पोस्टमन. पिशवीच्या तोंडाला सुतळीची एवढी घट्ट गाठ असते की सोडवताना नखं तुटतात. आत हिरव्यागार शेंगा, त्यांच्यावरचं दव अजून पुरतं वाळलेलं नसतं, आणि तो उग्र, कच्चा, थोडासा मातकट वास. तो वास नाकात गेला की मला दत्ता आठवतो, आणि दत्ता आठवला की मला माझाच राग येतो.

यंदा पिशवी आली तेव्हा माझी मुलगी सई कॉम्प्युटरसमोर बसली होती. आठवीत आहे. तासभर ती एकच पान वरखाली करत होती, आणि मला तासभर एकच पान बघणारी माणसं सहन होत नाहीत.

"एवढं काय बघतेस?"

"एक गेम घ्यायचाय. दोन बहिणींनी मिळून बनवलाय. तीन वर्षं लागली त्यांना."

मी परातीत शेंगा ओतत होते. लक्ष अर्धंच होतं. म्हटलं, "मग घे की कुणाकडून तरी. वर्गात कुणाकडे नाही?"

"कुणाकडून तरी म्हणजे?"

"म्हणजे पेनड्राइव्हवर."

सईने खुर्ची वळवली. देवळाबाहेरच्या चपला उचलून आण असं मी सांगितल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं. "आई, त्या दोघी त्यावर जगतात."

मी शेंगा सोलू लागले. वाल सोलताना मान खाली घालता येते, हा त्यातला मोठा फायदा.

पण सईला एकदा विषय मिळाला की ती सोडत नाही. पुढचा अर्धा तास तिने मला शिकवणी घेतल्यासारखं समजावलं. सेल लागेपर्यंत थांबलं तर चालतं, कारण किंमत त्या बहिणींनीच कमी केलेली असते. दुसऱ्या एका साइटवर गेम उघडायचा कोड अगदी स्वस्तात मिळतो, पण तो कुठून आला ते कळत नाही आणि त्यातला रुपयाही त्यांच्यापर्यंत पोचेल याची खात्री नाही, म्हणून तो नको. आणि एक जण म्हणे गेम विकत घेतो, दोन तासांत खेळून संपवतो आणि मुदतीच्या आत परत करून पैसे मागून घेतो. "नियमात बसतं," सई म्हणाली, "पण बरोबर आहे का?" मला तो माणूस लग्नात साडी मिरवून दुसऱ्या दिवशी दुकानात परत नेणाऱ्या बाईसारखा वाटला. तसं मी बोलले, आणि सई खूश झाली. तिला वाटलं आई आपल्या बाजूची आहे. मी मात्र मनात म्हणत होते, की बाळा, तुझी आई त्या साडीवालीपेक्षा वाईट आहे.

मी पंचवीस वर्षांची होते. बोईसरला हार्डवेअरच्या दुकानावरच्या माळ्यावर एक कॉम्प्युटर क्लास होता, तिथे मी शिकवायचे. शेजारच्या खोलीत दत्ता शिकवायचा. दत्ताचे वडील, अण्णा, लातूरकडून कारखान्यात फिटर म्हणून आले आणि बेटेगावला राहिले. दत्ता इथेच वाढला होता, तरी त्याच्या बोलण्यात घरची मराठवाड्याची चाल होती. चिडला की ती जास्त यायची. तो फारसा चिडायचा नाही, हे आमच्या दोघांतलं मुख्य अंतर. क्लासच्या खिडकीतून कारखान्यांच्या चिमण्या दिसायच्या. वारा फिरला की एक आंबूस, रासायनिक वास आत यायचा आणि दत्ता न बोलता खिडकी लावून घ्यायचा. शुक्रवारी वीज जायची. मग मुलं घरी, आणि आम्ही दोघं खाली उतरून टपरीवर. तिथे शिफ्ट सुटलेल्या कामगारांची हिंदी, कांदाभज्यांचा धूर, आणि दत्ताच्या हातात आलेख-कागदाची वही.

त्या वहीत एक मासा होता. खाडीच्या चिखलात राहणारी निवटी. पाण्यातही जगते आणि चिखलावर उड्याही मारते, डोळे कपाळावर चढवल्यासारखे. आमच्याकडे ती आवडीने खातात. पण दत्ताने ती पहिल्यांदा आमच्या खाडीवर पाहिली आणि ताटातली सोडून चिखलातल्या जिवंत निवटीच्या प्रेमात पडला. त्याला तिचा कॉम्प्युटर गेम करायचा होता. ओहोटीला बाहेर आलेली निवटी भरतीच्या आत पिल्लांसाठी बीळ करते, वाटेत बगळे, खेकडे, जाळी लावणारी माणसं, आणि मागून हळूहळू चढत येणारं पाणी. नाव ठेवलं होतं 'ओहोटी'. ही कल्पना त्याने मला भजी खाताना सांगितली आणि मी म्हणाले, "निवटीचा कसला गेम? तिला मारायला बंदूक तरी आहे का?" त्याने हसून वही मिटली. दुसऱ्या दिवशी परत उघडली.

त्या संक्रांतीला त्याने अण्णांना सांगितलं की नोकरी सोडून मला हे करायचं आहे. अण्णांनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, "एक वर्स देतो. फुडल्या संक्रांतीला सांग, ह्याच्यावर पोट भरतंय का. नसंल भरत तर माझ्या कंपनीत अर्ज टाकायचा, आन् मग पुन्यांदा हे नाव काढायचं नाही." दत्ताला हा सौदा उदार वाटला. मलाही वाटला. शिफ्टमध्ये उभं आयुष्य काढलेल्या माणसाने मुलाला माशाच्या उड्या काढायला वर्ष द्यायचं, म्हणजे थोडं नव्हतं. सगळं त्या एका वर्षावर होतं, आणि मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणण्याची सोय मला नाही.

ते वर्ष मी जवळून पाहिलं. रविवारी तो टमटमने आमच्या गावी यायचा, गुडघ्यापर्यंत पँट दुमडून चिखलात बसायचा आणि निवट्या बघायचा. आईला आधी तो वेडसर वाटला. "यो मुलगा मासे धरीत नाय, नुसता बघीत बसतं," ती म्हणायची. मग तिला त्याची काळजी वाटू लागली, आणि आईला ज्याची काळजी वाटते त्याला ती जेवायला घालते. वाडीत जांभळाच्या झाडाखाली पोतं अंथरून दत्ता लॅपटॉप मांडायचा. शेजारी वालाचा मांडव, पुढे तोंडलीचा, पलीकडे खाडीवरून येणारा खारा वारा. निवटीची उडी काढून त्याने आईला दाखवली. आईने बघितलं आणि सरळ नापास केलं.

"अशी नाय उडत ती."

"मग कशी, काकू?"

"आदी शेपूट टेकतं. मग आंग उचलतं. ही तुजी बेडकी हाय."

दत्ताने ती उडी पुसली आणि पुन्हा काढली. आठ दिवस लागले. आठ दिवस एका उडीसाठी, जी खेळणारा माणूस डोळ्याची पापणी लवेपर्यंत बघणार. मी विचारलं, "कुणाला कळणार आहे हे?" तो म्हणाला, "काकूंना कळलं ना." त्या उत्तरावर मी तेव्हा हसले होते. एवढं बारीक काम करणारा माणूस कुणासाठी करत असतो, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं.

पाणी चढू लागलं की निवटीला सावध करायला कुणाचा तरी आवाज हवा होता. दत्ताने तो आईचाच घेतला. मोबाइल तोंडासमोर धरून तिला ओरडायला सांगितलं. आई लाजली, पदर सावरला, आणि मग खाडीत गेलेल्या आम्हा भावंडांना जशी हाक मारायची तशी ओरडली: "पानी भरला गं, वर ये!" वाडीतले बगळे उडाले. दत्ता एवढा आनंदला की त्याने ती हाक दिवसभर पुन्हा पुन्हा लावली, आणि शेवटी आईच म्हणाली, "आता बंद कर, माजा जीव घाबरतं."

गणपतीनंतर पावसाने उघडीप दिली, भातं कापून झाली, दिवाळी गेली, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला, मांडवावर वालाला पहिल्या शेंगा धरत असताना, 'ओहोटी' तयार झाला. दत्ताने इंटरनेटवर स्वतःचं एक पान केलं. तिथे पैसे भरायचे आणि गेम उतरवून घ्यायचा. किंमत बोईसर स्टेशनबाहेरच्या दोन थाळ्यांएवढी. मला त्याने तो स्वतः आणून दिला, पहिली प्रत, पेनड्राइव्हवर. म्हणाला, "तुझ्याकडून काय घ्यायचं? काकूंचा आवाज आहे त्यात." मला फार बरं वाटलं. मी लगेच आईला दाखवला. मासा उडाला, पाणी चढलं, आणि कॉम्प्युटरमधून आईची हाक आली. आई दोन्ही हात तोंडावर ठेवून बसली.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला अजून लाज वाटते.

आमच्याकडे पहिल्या तोडीच्या शेंगा बाजारात जात नाहीत. पहिली तोड वानोळ्याची. शेजारीपाजारी, सोयरे, मास्तर, डॉक्टर, ज्याने कधीकाळी औषधाची बाटली आणून दिली तो, सगळ्यांकडे ओंजळ ओंजळ जाते. मग दुसऱ्या तोडीपासून टोपल्या भरायच्या आणि विकायच्या. लहानपणापासून थंडीत माझे पाय याच कामासाठी वापरले गेले. दार वाजवायचं, "आईने वानोळा दिलाय," म्हणायचं, पिशवी रिकामी करायची, आणि पिशवी रिकामी परत देऊ नये म्हणून तिच्यात कुणी घातलेला गूळ किंवा बोंबील घेऊन यायचं. पहिलं पीक घरात ठेवून बसलेला माणूस आमच्या गावात हलका समजला जातो. आमच्याकडून शेंगा खाल्लेले लोक पुढच्या आठवड्यात आमच्याच टोपलीजवळ येऊन उभे राहत, कारण चव लागलेली असे.

त्या डिसेंबरात आईने शेंगांच्या पिशव्या भरल्या आणि म्हणाली, "दत्ताच्या खेलाचा पन द्यायला नको? आपल्या घरचा हाय तो. पयला हाय." आणि मला ते इतकं बरोबर वाटलं, इतकं थोर वाटलं, की मी क्षणभरही थांबले नाही. शेंगांची पिशवी एका हातात, पेनड्राइव्ह दुसऱ्या हातात. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर होता त्यांच्या घरी मी शेंगा परातीत ओतायचे आणि खेळ कॉम्प्युटरमध्ये. मंदाकाकूच्या मुलाकडे, ग्रामपंचायतीत, पतपेढीत, पॉवर प्लांटच्या कॉलनीतल्या मैत्रिणींकडे. क्लासमधल्या झाडून सगळ्या मशीनवर घातला. मुलं आपापल्या पेनड्राइव्हवर घेऊन गेली. कुणी मनोरला मामाकडे नेला, कुणी मासवणला. लोक वाहवा करत होते. "आपल्या बोईसरच्या पोरानं केलाय" म्हणून छाती फुगवत होते. माझीही फुगली होती. मी दत्ताचं नाव गावोगाव पोचवत होते, यापेक्षा जास्त मैत्रिणीने मित्रासाठी काय करायचं असतं?

शेंगा खाल्ल्या की संपतात. मग माणूस बाजारात येतो. खेळ संपत नाही. ज्याला तो मिळाला त्याला अख्खा मिळाला, त्याला दत्ताच्या पानावर जायचं कारणच उरलं नाही. हे कळायला शाळेत पहिला नंबर यावा लागत नाही. पण हातात पिशवी आली की आमच्या घरात कुणी विचार करत नाही, पाय आपोआप चालू लागतात.

पुढे मी स्वतःची समजूत घालायला बऱ्याच सबबी केल्या. तेव्हा गावात कुणाकडे कार्ड होतं? मंदाकाकूंनी इंटरनेटवर पैसे कसे भरले असते? नाही दिला असता तर त्यांनी विकत घेतला असता असं थोडंच आहे? सगळं खरं आहे. पण पतपेढीतल्या साहेबांकडे कार्ड होतं. कॉलनीतल्या मैत्रिणींकडे होतं. आणि ज्यांच्याकडे नव्हतं त्यांच्याकडून मी दोन थाळ्यांचे पैसे हातात घेऊन दत्ताला नेऊन देऊ शकले असते. वाटत फिरायला मला वेळ होता, तर गोळा करत फिरायलाही असता. मोठ्या कंपन्यांचा माल लोक चोरतात तेव्हा निदान मनात म्हणतात की त्यांना काय कमी आहे. दत्ताच्या बाबतीत तेही म्हणायची सोय नव्हती. त्याला काय काय कमी आहे हे मला तोंडपाठ होतं.

संक्रांतीला तो क्लासमध्ये तिळगूळ घेऊन आला. हलव्याचा कागदाचा पुडा, नवा शर्ट. मुलांना वाटून झाल्यावर माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "सोमवारपासून अण्णांच्या कंपनीत."

"अरे पण सगळे खेळतायत!" मी म्हणाले. "आमचं अख्खं गाव खेळतंय."

"हो," तो म्हणाला. "खेळतायत." आणि हसला.

त्याच्या हसण्याने मला धीर आला. मला वाटलं, बरं झालं, त्याला निदान एवढं समाधान आहे. मागच्या मशीनवर एक मुलगी 'ओहोटी' खेळत होती, आणि माझी आई तिथून ओरडत होती, "पानी भरला गं, वर ये!" दत्ताने तिकडे बघितलं आणि तिळगुळाचा पुडा माझ्या टेबलावर ठेवून तो जिना उतरला. मी त्याला थांबवायला हवं होतं. तिथेच सांगायला हवं होतं. पण मला नक्की काय चुकलं हे तेव्हा नीटसं उमगलं नव्हतं, आणि थोडं उमगलं होतं ते मला उमगून घ्यायचं नव्हतं.

मे महिन्यात माझं लग्न झालं. मी पालघरला आले. दत्ता लग्नाला आला, स्टीलचा डबा दिला, जेवून गेला. मग सई झाली, क्लास बंद पडला, कॉम्प्युटर बदलले. जुन्या मशीनबरोबर 'ओहोटी' कधी भंगारात गेला ते मला कळलंही नाही. दत्ताचं पानही केव्हातरी दिसेनासं झालं. फुकट मिळालेली वस्तू आपण जपत नाही, हेही खरंच. कधी बोईसर स्टेशनबाहेर गणवेशातल्या माणसांच्या घोळक्यात दत्ता दिसायचा. हात करायचा. मी हात करायचे आणि रिक्षात बसायचे. त्याने दुसरा खेळ केला असता तर तो कसा असता, हा विचार मात्र दर थंडीत येतो. एकदा तो म्हणाला होता की पुढचा खेळ मिठागरातल्या बाईचा करीन, तिला ऊन हवं असतं आणि ढग येत राहतात. त्याने आलेख-कागदावर तिचं फावडं काढलं होतं. नुसतं फावडं. बाई अजून काढायची होती. त्या बाईसाठी माझा जीव तुटतो. जगात आलीच नाही अशा बाईसाठी माणसाचा जीव तुटू शकतो, हे कुणाला सांगितलं तर हसेल.

सईने त्या दोन बहिणींचा गेम घेतला. सेलची वाट न बघता, खाऊच्या पैशांतून. पैसे भरताना तिचा चेहरा देवाला फूल वाहणाऱ्या माणसासारखा गंभीर होता. दोन दिवस मी वाल सोलला, भिजवला, बिरडं केलं, आणि तिसऱ्या दिवशी, रविवारी, शेंगांची एक पिशवी घेऊन बोईसरला निघाले. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने विचारलं, "मैडम, कहाँ?" म्हटलं, "बेटेगाँव." एवढं सोपं होतं. इतकी वर्षं ते एवढंच सोपं होतं.

अण्णा इमारतीखाली उन्हाला खुर्ची टाकून बसले होते. कान जड झालेत, पण मला ओळखलं. "क्लासातली ज्योती ना तू?" मग पिशवीकडे बघून, "तुमच्याकडच्या शेंगा? लई दिस झाले." मी वर निघाले तर त्यांनी हाक मारली. "म्या त्याला एकच वर्स दिल्तं बग," ते म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं. "दोन द्याया पायजे व्हते. तवा कळलं नाही." एवढं बोलून ते पुन्हा रस्त्याकडे बघू लागले. म्हणजे हा म्हातारा माणूसही ते ओझं घेऊन बसला होता, आणि त्याच्या वाट्याचं नव्हतंच ते. मी जिना चढताना दोनदा थांबले.

दत्ताचे केस कानशिलांवर पांढरे झाले आहेत. बायको माहेरी गेली होती, मुलगा शिकवणीला. दाराशी सेफ्टी शूज, टेबलावर बिस्किटांचा पुडा. आम्ही हवापाण्याचं बोललो, आईच्या गुडघ्यांचं बोललो. मग मी सांगून टाकलं. पाणी न पिता, न थांबता. वानोळ्यासारखा मी तुझा खेळ गावभर वाटला, दत्ता. तुझं वर्ष मी खाल्लं.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तेव्हाच माहीत होतं." तो उठला, पंखा बारीक केला, पुन्हा बसला. "सुरुवातीला खेळ नाव विचारायचा, आठवतं? जिथे इंटरनेट असेल तिथून ते नाव आणि गुण माझ्या पानावर यायचे. चार दिवसांत यादी भरून गेली. मंदाकाकू, ग्रामपंचायत, पतपेढी. एकाने नाव घातलं होतं 'मीच'. त्याच्या खाली दुसऱ्याने 'मी पन'." तो हसला. तेच हसू, संक्रांतीचं. "विकत घेणारे चौदा. खेळणारे शेकड्यांनी."

"मग बंद का नाही केलास? कुलूप घालता आलं असतं ना?"

"एका दुपारचं काम होतं. बसलोही होतो करायला. पण रोज नवी नावं यायची गं. मनोर, मासवण. माणसं खेळतायत हे दिसत होतं. त्यांचं कसं बंद करायचं?" त्याने बिस्किटांचा पुडा माझ्याकडे सरकवला. "तुझा राग नाही आला. खरंच नाही. तू आनंदाने वाटत होतीस."

मला वाटलं, सुटले. इतक्या वर्षांचं ओझं असं एका वाक्यात उतरतं तर. माझे डोळे भरून आले होते आणि मी पदराने पुसत होते. तेवढ्यात तो म्हणाला, जरा संकोचून, जणू चूक त्याचीच होती, "दुसरी यादी होती ना, विकत घेणाऱ्यांची, ती मी सकाळी उठल्याबरोबर उघडायचो. संक्रांतीपर्यंत रोज. तुझं नाव आलंय का ते बघायला."

"पण मला तर तूच दिला होतास," मी म्हणाले.

"हो," दत्ता म्हणाला. "तरी बघायचो."

मग त्याने विचारलं, चहा घेशील ना, आणि मी हो म्हणाले, कारण त्याला कशालाच नाही म्हणायला मला तोंड उरलं नव्हतं.